स्पर्शाने वाचली जाणारी अक्षरे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंध व्यक्तींच्या साहाय्याचा विषय आपल्या समाजाला नवा नाही. नेत्रशिबिरे भरतात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात, नेत्रदानाची संकल्पपत्रे भरली जातात. घरात वाढदिवस असो वा पुण्यस्मरणाचा दिवस, जवळच्या अंधशाळेत भोजन दिले जाते. ही सारी कार्ये आदरणीयच होत. तथापि ज्या मुलाची दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येणार नाही, त्याच्या ताटात गोडधोड वाढले गेले तरी त्याच्या दप्तरात त्याला स्वतः वाचता येईल असे पुस्तक आहे की नाही, ही चौकशी क्वचितच होते. आजचा विषय त्या दप्तराचा आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. पुष्कळ ऐकून ज्ञान मिळवणाऱ्यास आपल्याकडे बहुश्रुत म्हणतात, आणि तो शब्द मोठ्या आदराचा आहे. परंतु बहुश्रुत असणे आणि साक्षर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो स्वतः वाचू शकतो, स्वतः लिहू शकतो आणि स्वतःचे लिहिलेले पुन्हा वाचून दुरुस्त करू शकतो, तो साक्षर. डोळस माणसाच्या बाबतीत हे कोणी नाकारणार नाही. एखादा मुलगा सर्व धडे ऐकून पाठ म्हणतो, पण त्याला अक्षरओळख नाही, असे कळले तर त्याचे आईवडील शाळेत धाव घेतील. तोच मुलगा अंध असेल तर मात्र त्याचे कौतुक होते! या दुटप्पी मापाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

ब्रेल लिपीचा जन्म ज्या परिस्थितीत झाला, ती कथा अनेकांनी शालेय पुस्तकांत वाचली असेल. पण तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कुपव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचा साज तयार करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कार्यशाळेत खेळत असता चामडे टोचण्याचे हत्यार डोळ्यात गेले, जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली. १८१९ साली त्यांना पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत धाडण्यात आले. व्हॅलेंटीन हाउई या सद्‌गृहस्थांनी ती शाळा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली होती. अंधांना शिकवता येते, हेच तोवर कोणाला मान्य नव्हते. त्यामुळे हाउई यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी नेहमीची रोमन अक्षरे जाड कागदावर उठावदार करून पुस्तके बनवली. डोळ्यांसाठी घडलेले अक्षर बोटाला मात्र सहज कळत नसे. एकेका अक्षराचे वळण चाचपत वाक्य पुरे होईपर्यंत त्याचा आरंभ विसरला जाई. शिवाय अशा अक्षरांत मुलांना स्वतः लिहिणे जवळजवळ अशक्यच होते. शाळा होती, पुस्तके होती, पण वही नव्हती.

पुढे चार्ल्स बार्बिए नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने ठिपक्यांची एक लेखनपद्धती या शाळेपुढे मांडली. तिची कल्पना उत्तम होती. परंतु एकेका चिन्हात बारापर्यंत ठिपके येत, ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. ही पद्धती केवळ उच्चारांवर आधारलेली होती. तीत शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती. अंधांना एवढे पुरेसे आहे, असा त्यामागे सद्‌भाव होता. आणि येथेच किशोरवयीन लुई ब्रेल यांचे वेगळेपण दिसते. त्यांना ‘एवढे पुरेसे’ नको होते. डोळस मूल जे लिहिते ते सर्व, म्हणजे शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक आणि संगीतसुद्धा, त्यांना हवे होते. १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी बारांचे सहा ठिपके केले. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. या सहांच्या निरनिराळ्या मांडणीतून त्रेसष्ट चिन्हे होतात, आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या अग्राखाली एकाच स्पर्शात येते. १८२९ मध्ये ही पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

यानंतर सत्कार व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात १८४० नंतरच्या काही वर्षांत त्याच शाळेच्या नव्या संचालकांनी या लिपीवर बंदी घातली. डोळस शिक्षकांना न वाचता येणारी लिपी विद्यार्थ्यांनी वापरावी, हे त्यांना रुचले नाही. अंधांची लिपी निराळी झाली तर ते समाजापासून तुटतील, असा युक्तिवादही होता. मुलांनी मात्र चोरून लिहिणे सोडले नाही. विद्यार्थ्यांच्या या हट्टापुढे अखेर संस्था नमली आणि १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्‌घाटनप्रसंगी या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने निवर्तले. फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर, १८५४ साली. ‘ब्रेलमुळे मुले वेगळी पडतात’ हा आक्षेप आजही पालकसभांतून ऐकू येतो. तो किती जुना आहे, हे समजावे म्हणून हा तपशील दिला.

हिंदुस्थानात अंधशिक्षणाची सुरुवात १८८७ साली अमृतसर येथे झाली. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी दादर आणि ताडदेव येथे शाळा निघाल्या. परंतु लिपीच्या बाबतीत बराच काळ गोंधळ होता. कोलकात्यात लालबिहारी शाह यांची योजना, मुंबईकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची, मिशनऱ्यांची आणखी तिसरी. एका प्रांतात शिकलेल्या अंध माणसाला दुसऱ्या प्रांतातले पुस्तक निरुपयोगी. स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या सुमारास, युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयातून सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ निश्चित झाली आणि त्याच साली डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले.

भारती ब्रेलची रचना मोठी विलोभनीय आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे योग्य होईल. या लिपीत ध्वनीला चिन्ह आहे, आकृतीला नाही. त्यामुळे मराठीतला ‘क’, गुजरातीतला ‘क’, कन्नडमधला ‘क’ यांचे चिन्ह एकच. किंबहुना इंग्रजीतल्या ‘के’ या अक्षराचेही तेच. सांगली-कोल्हापूरकडच्या डोळस माणसाला सीमेपलीकडची कन्नड पाटी वाचायची तर नवी लिपी शिकावी लागते. ब्रेल जाणणाऱ्या मराठी मुलापुढे कन्नड पुस्तक ठेवले तर भाषेचा अर्थ लागला नाही तरी अक्षरे बहुतांशी ओळखीचीच असतात. ज्या समाजात घरची भाषा गुजराती, कच्छी, मारवाडी किंवा कन्नड आणि शाळेची मराठी अशी स्थिती घरोघरी आढळते, त्या समाजाला या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको. मराठीचा ‘ळ’ या रचनेत आहे, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. काना-मात्रा-वेलांटी यांच्या जागी पूर्ण स्वर व्यंजनानंतर लिहिला जातो. ‘किरण’ हा शब्द देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि मग ‘क’. ब्रेलमध्ये आधी ‘क’, मग ‘इ’, मग ‘र’ आणि ‘ण’. म्हणजे उच्चाराचा क्रम तोच लेखनाचा क्रम. देवनागरी शिकताना पहिलीतले प्रत्येक मूल जेथे अडखळते, तेथे ब्रेल शिकणारे मूल अडखळत नाही.

लेखनाची साधनेही साधी आहेत. ब्रेलपाटीच्या दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवायचा आणि स्टायलस नावाच्या टोकदार लेखणीने एकेक ठिपका टोचायचा. ठिपके कागदाच्या मागील बाजूस उमटतात; म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. नवख्या डोळस माणसाला हे ऐकूनच गरगरते; सहा-सात वर्षांची मुले मात्र काही महिन्यांत ते आत्मसात करतात. सहा कळांचे ब्रेल टंकयंत्र असेल तर ठिपके थेट वरच उमटतात आणि लेखन जलद होते. परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असते. गणितासाठी अनेक शाळांतून टेलर फ्रेम नावाची खुंट्यांची पाटी वापरली जाते. बेरजेतला हातचा बोटाने तपासता येतो, ही त्यातली खरी खुबी.

आता आक्षेपाकडे वळू. बोलणारे संगणक आले, भ्रमणध्वनी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पुस्तके ध्वनिमुद्रित मिळतात. मग ठिपक्यांचा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. या साधनांचा लाभ अफाट आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. अंध पदवीधरांची आजची पिढी संगणकावर काम करून चरितार्थ चालवते, ती याच साधनांच्या बळावर. पण वाचून दाखवणारा आवाज शब्द कसा लिहिला आहे ते सांगत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच भासतात. परिच्छेद कोठे तुटला, अवतरणचिन्ह कोठे मिटले, समीकरणातला कंस कोठे बंद झाला, हे कानातून निसटते. कवितेची ओळ कोठे संपते हे ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याच्या मर्जीवर कळते. आणि वाचनाचा जो खरा आनंद, म्हणजे एखाद्या वाक्याशी थबकणे, मागे जाणे, पुन्हा तेच वाक्य आपल्या गतीने घेणे, तो आवाजाच्या प्रवाहात कष्टाने मिळतो. बोटाला तो सहज मिळतो.

याहून गंभीर बाब लेखनिकाची आहे. आपल्याकडे अंध विद्यार्थी परीक्षेत तोंडी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते लिहितो. ही सवलत न्याय्य आहे, तिच्यावाचून हजारोंचे शिक्षण खुंटले असते. परंतु तिचा एक परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. धडे ऐकायचे, उत्तरे सांगायची, शुद्धलेखन लेखनिकाचे; या मार्गाने एखादा मुलगा स्वतःच्या हाताने एकही ओळ न लिहिता पदवीपर्यंत जाऊ शकतो. पदवी खरी असते, बुद्धी खरी असते. मात्र पुढे कार्यालयात अर्जाचा मसुदा करण्याची वेळ आली की ‘व्यवस्थापक’ या शब्दात ‘व’ कोणत्या अक्षराला जोडायचा, हे त्याला ठाऊक नसते. संगणकाची कळफलक-विद्या येथे मदतीस येत नाही, कारण कळ कोणती दाबायची हे ठरवण्यासाठी आधी शब्दाचे रूप मनात असावे लागते. दोष त्या मुलाचा नव्हे. त्याला अक्षर दिलेच गेले नव्हते.

अमेरिकेत या प्रश्नाची चर्चा बरीच झाली आहे. तेथील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, कायद्याने अंध गणल्या जाणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोक ब्रेल वाचतात, असे नमूद केले होते. वृद्धापकाळी दृष्टी गेलेल्यांचा या संख्येत मोठा भरणा आहे, हे ध्यानात घेऊनही स्थिती चिंतेची ठरते. त्यापूर्वी १९९६ मध्ये रूबी राइल्स यांनी वॉशिंग्टन राज्यातील अंध प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी ब्रेलमधूनच वाचायला शिकलेल्या व्यक्ती नोकरी, शिक्षण आणि वाचनाची सवय या तिन्ही बाबतींत पुढे असल्याचे त्यात आढळले. ब्रेल आले की नोकरी चालून येते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरांनी आणि शाळांनी ब्रेल शिकवण्याचे कष्ट घेतले, त्यांनी इतरही कष्ट घेतले असणार. तरीही दिशा स्पष्ट आहे.

मेंदूच्या अभ्यासकांना तर याहून आश्चर्यकारक गोष्ट दिसली. मेंदूच्या मागील बाजूस दृष्टीचे केंद्र असते. जन्मापासून किंवा लहानपणापासून अंध असलेली व्यक्ती ब्रेल वाचते तेव्हा हे केंद्र निष्क्रिय राहत नाही, कामाला लागते, असे १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. २००० साली एका जन्मांध स्त्रीची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. ती ब्रेल वाचनात अत्यंत निष्णात होती. पक्षाघाताने तिच्या मेंदूचा हाच मागील भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. बोटांना ठिपके जाणवत होते, परंतु त्यांचा अर्थ लागेना; तिचे वाचन गेले. डोळ्यांनी ती कधीच पाहिले नव्हते, आणि तरी दृष्टीचे केंद्र गमावताच ती निरक्षर झाली. बोटाने वाचणे हे वाचनच आहे, त्याची दुय्यम नक्कल नव्हे, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नसेल.

सर्वांत उपेक्षित राहतात ती अल्पदृष्टी असलेली मुले. त्यांना थोडे दिसते. पुस्तक नाकाला लावून, भिंगाखाली धरून ती मोठ्या अक्षरांचा मजकूर ओळखतात. पालकांना वाटते, दिसते आहे तोवर ब्रेल कशाला? ब्रेल शिकवली म्हणजे मूल अंध आहे, असे जगापुढे कबूल केल्यासारखे होईल. मुलीच्या विवाहात अडचण येईल, असेही कोणी बोलून जाते. येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. रेटिनायटिस पिगमेंटोझासारख्या काही विकारांत दृष्टी वर्षानुवर्षे कमी होत जाते, हे डॉक्टर आधीच सांगतात. दहाव्या वर्षी जे मूल एका पानाला अर्धा तास लावते आणि डोके दुखते म्हणून पुस्तक मिटते, ते वाचनाचा तिटकारा शिकते. तिसाव्या वर्षी उरलेली दृष्टीही गेली की हाती काहीच राहत नाही. बोटांची संवेदना आणि शिकण्याचा वेग लहानपणी उत्तम असतो. मधुमेहाने प्रौढपणी दृष्टी गेलेल्यांची बोटे बधिर होत असल्याने त्यांना हे शिक्षण अधिक जड जाते. म्हणून दिसत असतानाच शिकवावे. डोळ्यांनी वाचता येईल तेवढे डोळ्यांनी वाचावे, थकल्यावर बोटांनी. दोन लिप्या येणारे मूल गरीब होत नाही.

आणि ज्यांना दृष्टीबरोबर श्रवणही नाही, त्यांच्यासाठी तर बोलणाऱ्या यंत्रांचा काही उपयोगच नाही. त्यांच्या आणि जगाच्या मध्ये ठिपक्यांचाच पूल आहे.

दैनंदिन व्यवहारात ब्रेलचे स्थान छोट्या छोट्या गोष्टींत असते. औषधाची बाटली, मसाल्याचा डबा, उद्‌वाहनाचे बटण, मतदान यंत्रावरील क्रमांक. युरोपीय संघाने २००४ च्या कायद्याने औषधांच्या वेष्टनावर ब्रेलमध्ये नाव छापणे बंधनकारक केले. आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागणे, स्वतःचा हिशेब दुसऱ्यास सांगावा लागणे, यातला संकोच डोळस माणसाला सहसा कळत नाही. खाजगीपण ही चैन नव्हे.

कायदा आज अनुकूल आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करणे आणि नेमणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने लेखाधिकार कायद्यात अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्यास मुभा मिळाली, आणि अशा पुस्तकांची देशोदेशी देवाणघेवाण सुलभ करणाऱ्या २०१३ च्या माराकेश करारास २०१४ मध्ये मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात आहे. या संख्येपुढे पुस्तके तोकडी पडतात. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केले, तोवर अंध मराठी वाचकाला देवनागरी वृत्तपत्राचा अनुभव बोटांनी घेता आलेला नव्हता, हे ऐकून अनेकांना विषाद वाटेल.

ब्रेल पुस्तके महाग आणि बोजड का, हाही प्रश्न येतो. कागद जाड लागतो, ठिपक्याला जागा लागते. दोनशे पानी छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये सहज दोन-तीन जाडजूड खंड होतात. ते एकावर एक रचून ठेवले तर ठिपके दबतात. कपाटात उभे ठेवावे लागतात. बोटे फिरून फिरून ठिपके झिजतात, म्हणून आवडीच्या पुस्तकाच्या प्रती पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. अलीकडे पटलावर ठिपके वर-खाली होणारी विद्युत उपकरणे निघाली आहेत. त्यांत शेकडो पुस्तके मावतात आणि कागद लागत नाही. म्हणजे संगणक हा ब्रेलचा वैरी नसून वाहक ठरू शकतो. त्यांच्या किमती पूर्वीपेक्षा उतरल्या असल्या तरी एकट्या विद्यार्थ्याला त्या पेलणाऱ्या नाहीत. एखाद्या शाळेला मिळून दोन-चार उपकरणे देता येतात.

ज्या दात्यांना या कार्यात भाग घ्यावासा वाटेल, त्यांनी प्रथम जवळच्या अंधशाळेत जाऊन विचारावे. कोठे ब्रेलपाट्या आहेत पण कागद संपलेला असतो, कोठे टंकयंत्र आहे पण दुरुस्तीवाचून पडलेले असते, कोठे चौथीच्या वर्गाला एकाच विषयाचे पुस्तक ब्रेलमध्ये आलेले असते. सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या अंध मुलाकडे ब्रेल जाणणारा शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतो, तेही पाहावे. आठवड्याला एक तास अक्षरओळख मिळालेले डोळस मूल दुसरीत तरी वाचू लागले असते काय? ज्यांना वेळ देता येईल त्यांनी मराठी पुस्तके संगणकावर शुद्ध टंकलिखित करून द्यावीत. त्यावरून ब्रेल छपाई यंत्राने प्रती काढता येतात. त्या प्रतींचे मुद्रितशोधन मात्र ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडूनच करवून घ्यावे लागते. ते काम अंध वाचक चोख करतात, आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावे.